पहिल्याला चालतं, दुसऱ्याला ‘डोंगल सापडत नाही’

माझ्या दुकानातलं मशीन तासावर, दुरून इंटरनेटवरून वापरणारा, संध्याकाळी सातचा ग्राहक. फोन येतो तो सात वाजून चार मिनिटांनी. “साहेब, आत आलोय, पण सॉफ्टवेअर उघडत नाहीये. डोंगल सापडत नाही म्हणतंय.” दुपारी तीन ते सहा याच मशीनवर, याच सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या एका माणसाने निवांत काम केलेलं असतं. डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरच्या परवान्याची यूएसबी किल्ली, जागच्या जागी तसंच, दिवा लागलेला. मशीनला कोणी हात लावलेला नाही, कारण दुकान बंद आहे आणि मी मुलुंडला घरी चहा पितोय.

मी स्वतः गेलो, मशीन रीस्टार्ट केलं, की सगळं व्यवस्थित. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तेच. मुलुंडहून दादर, दादरला गाडी बदलून चर्नी रोड, तिथून चालत दुकान, शटर उघडायचं, एक बटण दाबायचं आणि परत. एका रीस्टार्टसाठी अडीच-तीन तास. ग्राहकाने दिलेत ताशी दीडशे रुपये.

ज्यांनी आपलं मशीन असं तासावर दुरून वापरायला द्यायला सुरुवात केलीय, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझे चार महिने चुकीच्या जागी शोधण्यात गेले.

आधी मशीनबद्दल. गिरगावात माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी पानं लावण्याचं, छोटं दुकान आहे. तिथे एक बऱ्यापैकी दणकट मशीन आहे, विंडोज प्रो, चांगलं ग्राफिक कार्ड. त्यावर मराठी डीटीपीचं एक डोंगलवालं पॅकेज आहे, आणि त्रिमितीय चित्रांचं ब्लेंडर आहे. पॅकेज लागतं ते जुन्या फायलींसाठी. युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या फाँटमध्ये ‘क’ हा खरा ‘क’ नसतोच, रोमन अक्षराच्या घरात बसवलेलं क-चं चित्र असतं. फाँट नसला की पानभर अगम्य चिन्हं दिसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकांच्या, स्मरणिकांच्या, गावोगावच्या पंचांगांच्या फायली अशाच पडून आहेत. त्या उघडून युनिकोडमध्ये आणायला लोकांना ते पॅकेज चार दिवस हवं असतं, वर्षभरासाठी विकत घेणं परवडत नाही. म्हणून भाड्याने.

संशय कोणाकोणावर घेतला

पहिला अर्थातच केबलवाल्यावर. पावसाळा होता, गल्लीत वायर लोंबत होती, त्यामुळे निकाल आधीच लागल्यासारखा. त्याने बिचाऱ्याने वायर बदलली, राउटरही बदलून दिला. फरक शून्य.

इथेच एक गोष्ट सांगतो, ती मला आधी सुचायला हवी होती. ग्राहकाला विंडोजचा लॉगिन दिसतोय, पासवर्ड घेतला जातोय, डेस्कटॉप समोर येतोय, म्हणजे नेटचं काम तिथे संपलं. नेट वाईट असेल तर चित्र अडखळतं, माउस मागे पडतो, खिडकी तुटते. ‘डोंगल सापडत नाही’ हे वाक्य नेट बोलत नाही. ते मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर बोलतंय. तरी मी महिनाभर केबलवाल्याशी भांडलो.

मग यूएसबी पोर्टवर. मागचा पोर्ट, पुढचा पोर्ट, वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी झोपवतं ते बंद केलं. ही सेटिंग बंद करावीच, चांगली सवय आहे, पण माझा रोग तो नव्हता.

वहीतला नवा रकाना

माझ्याकडे बुकिंगची वही आहे. नाव, वेळ, किती तास, यूपीआय आला की नाही. वैतागून मी तिच्यात एक रकाना वाढवला: ‘कसा गेला’. म्हणजे वेळ संपल्यावर त्या माणसाने नेमकं काय केलं. फोन करून विचारायचो. लोकांना विचित्र वाटायचं, पण सांगायचे.

सव्वा महिन्यात ‘चालत नाही’ अशी तक्रार अकरा वेळा आली. त्यातल्या नऊ वेळा त्याच्या आधीचा माणूस वरची फुली दाबून गेला होता. साइन आऊट करून गेलेल्यांच्या नंतर एकदाही डोंगल हरवलं नाही.

ग्राहक येतात ते रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून बसायच्या विंडोजच्या सोयीने. तिच्या वरच्या पट्टीवरची फुली दाबली की खिडकी बंद होते, पण त्या माणसाचं सत्र मशीनवर जिवंत राहतं. विंडोज त्याला ‘डिस्कनेक्टेड’ म्हणतं. त्याचे प्रोग्राम चालू, फायली उघड्या, मेमरी अडकलेली. घरी जाऊन पुन्हा जोडला तर सगळं जिथल्या तिथे मिळावं, म्हणून ती सोय आहे. ऑफिसात उत्तम. भाड्याच्या मशीनवर मात्र हा असा पोटभाडेकरू, की खोली सोडून गेला पण ट्रंक आतच, आणि ट्रंकेवर कुलूप.

आता डोंगल बघा. माझ्या डोंगलवर एकाच माणसाचा परवाना आहे, एका वेळी एक. दुपारच्या माणसाचं पॅकेज त्याच्या अर्धमेल्या सत्रात अजून उघडं आहे, म्हणजे ती एकमेव जागा त्याने धरून ठेवलीय. सातचा माणूस स्वतःच्या नावाने आत येतो, पॅकेज उघडतो, पॅकेज डोंगलकडे जागा मागतं, डोंगल म्हणतं नाही. आणि पॅकेज लिहिणाऱ्याने ‘जागा भरलेली आहे’ आणि ‘डोंगल नाही’ या दोन्हींसाठी एकच वाक्य लिहून ठेवलंय. ते वाक्य वाचून मी यूएसबी पोर्ट पुसत बसलो होतो.

खात्री करायची असेल तर तुमचं डोंगल सेंटिनेल हास्प जातीचं आहे का बघा, बरीच असतात. तसं असेल तर त्याच मशीनवर ब्राउझर उघडून पत्त्यात ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम आणि १९४७ हा पोर्ट इंग्रजीत टाका. डोंगलच्या ड्रायव्हरचं स्वतःचं पान उघडतं. त्यात ‘सेशन्स’मध्ये गेलात की कोणत्या वापरकर्त्याने जागा धरलीय ते नावानिशी दिसतं. मी ते पान पहिल्यांदा उघडलं तेव्हा तिथे संध्याकाळी सहालाच निरोप घेतलेल्या गृहस्थांचं नाव होतं. रात्रीचे साडेआठ वाजले होते.

लगेचचा उपाय, गाडीत उभं राहून

टास्क मॅनेजर उघडा, ‘यूझर्स’ हा टॅब. जुन्या माणसाच्या नावापुढे डिस्कनेक्टेड दिसेल. त्यावर उजवं क्लिक, साइन ऑफ. झालं. रीस्टार्टची गरजच नव्हती. रीस्टार्टने बरं वाटायचं कारण रीस्टार्ट सगळ्यांनाच हाकलतो.

पण इथे एक गोची आहे. विंडोज प्रो एका वेळी एकालाच बसू देतं, समोर बसलेला असो की दुरून आलेला. तुम्ही स्वतः ॲडमिन म्हणून रिमोट डेस्कटॉपने शिरलात की पैसे भरलेला ग्राहक बाहेर फेकला जातो. (हे बंधन काढणारे पॅच नेटवर फुकट फिरतात. ते विंडोजच्या परवान्याच्या विरुद्ध आहेत आणि दर मोठ्या अपडेटला मोडतात. एकाच मशीनवर खरोखर अनेक माणसं बसवायची असतील तर विंडोज सर्व्हर आणि माणशी परवाना, तो खर्च वेगळा.)

मग ग्राहकाला न हलवता आत कसं बघायचं? विंडोजमध्येच ओपन एसएसएच सर्व्हर येतो, विंडोज १० च्या २०१८ च्या अखेरीस आलेल्या आवृत्तीपासून. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून तो बसवायचा. मग मोबाइलवरून नुसती काळी कमांडची खिडकी उघडता येते, पडद्यावरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. तिथे ‘क्यूयूझर’ ही कमांड दिली की कोण आत आहे, कोण डिस्कनेक्टेड, कितीवेळ निष्क्रिय आणि प्रत्येकाचा सत्र क्रमांक, अशी यादी येते. मग ‘लॉगऑफ’ आणि पुढे तो क्रमांक. दोन ओळी. ही दोन ओळींची कमांड मी कुर्ला आणि शीवच्या मध्ये, एका हाताने दांडी धरून, कितीतरी वेळा दिलीय.

क्रमांक नीट वाचा मात्र. एकदा घाईत २ च्या जागी ३ दाबला आणि पंचांगाची पानं लावत बसलेल्या माणसालाच बाहेर काढलं. त्यांनी सेव्ह केलं नव्हतं. त्या दिवसाचे पैसे परत केले, वर बोलणीही खाल्ली.

कायमचा उपाय

ग्राहकांना ‘साइन आऊट करा’ हे सांगून भागत नाही. करतात, विसरतात. फुली समोर असते, साइन आऊट स्टार्टच्या पोटात असतं.

म्हणून मशीनलाच सांगायचं. ग्रूप पॉलिसी एडिटर (विंडोजचे नियम ठरवायची खिडकी) उघडा, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कॉम्पोनंट्स, रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस, सेशन होस्ट, आणि शेवटी सेशन टाइम लिमिट्स. तिथे डिस्कनेक्ट झालेल्या सत्रासाठी वेळेची मर्यादा ठरवता येते. ती वेळ संपली की विंडोज स्वतःच त्या माणसाला साइन आऊट करतं, प्रोग्राम बंद, डोंगलची जागा मोकळी.

किती वेळ ठेवायची यावर मी बराच घोळ घातला. यादीतला सगळ्यात छोटा पर्याय एक मिनिटाचा. मी उत्साहात तोच ठेवला. दुसऱ्याच दिवशी सांगलीच्या एका मुद्रकांचा फोन. त्यांच्याकडे वीज गेली, राउटर बंद, दोन मिनिटांत इन्व्हर्टर लागला, ते परत आले तर चाळीस पानांची जुळणी गायब. सत्राने एक मिनिट वाट बघितली आणि सगळं मिटवून टाकलं. बरोबरच केलं, मीच सांगितलं होतं. गेलेल्या माणसात आणि तुटलेल्या माणसात मशीनला फरक कळत नाही.

आता पंधरा मिनिटं ठेवलीत, आणि दोन बुकिंगच्या मध्ये वीस मिनिटं रिकामी सोडतो. दिवसाला एक तास भाडं बुडतं त्यात. पण पंधरा मिनिटांत नेट परत आलं तर काम शाबूत, नाही आलं तर पुढच्याला खोली स्वच्छ. शिवाय पॅकेजचं ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर, आणि फायली ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये. प्रत्येक ग्राहकाचं वेगळं विंडोज खातं, साधं, ॲडमिन नाही. सुरुवातीला मी सगळ्यांना एकच ‘पाहुणा’ खातं दिलं होतं. त्यात दुसरा माणूस पहिल्याच्याच उघड्या सत्रात जाऊन पडायचा आणि त्याची अर्धी कादंबरी वाचायचा. तेव्हा डोंगलची तक्रार नव्हती, ही गंमत आहे. जागा धरलेलं सत्रच पुढच्याच्या हाती जात होतं. मी शहाणपणा करून खाती वेगळी केली आणि रोग सुरू झाला. खाती पुन्हा एक करणं हा काही उपाय नव्हे, लोकांची कामं एकमेकांना दिसता कामा नयेत.

पहिल्यालाच चालत नसेल तर

वरचं सगळं ‘पहिल्याला चालतं, दुसऱ्याला नाही’ या लक्षणासाठी. दुरून कोणालाच चालत नसेल, आणि दुकानात समोर बसल्यावर मात्र चालत असेल, तर कारण निराळं. तिथे पॅकेज मुद्दामच ‘नाही’ म्हणतंय.

कोणताही प्रोग्राम विंडोजला विचारू शकतो, की मी समोरच्या पडद्यावर चालतोय की दुरून आलेल्या सत्रात? एका मशीनचा परवाना दहा जणांना वाटला जाऊ नये म्हणून अनेक सॉफ्टवेअर हे विचारतात. हास्प डोंगलमध्ये त्याचा त्रुटी क्रमांक २७ असतो, ‘टर्मिनल सर्व्हर आढळला’ अशा अर्थाचा. इंजिनीअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्लेक्सनेट नावाची परवाना पद्धत असते, तिथे उणे १०३ दिसतो. हे आकडे दिसले तर पोर्ट, केबल, ड्रायव्हर काही शोधू नका. फोन उचला आणि कंपनीला विचारा.

याला वळसे आहेत. समोरचा पडदा जसाच्या तसा दाखवणारी साधनं वापरली तर प्रोग्रामला वाटतं माणूस समोरच बसलाय. तांत्रिकदृष्ट्या चालतं. पण चालतं आणि चालवावं यात अंतर आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात कलम १४ मध्ये संगणक प्रोग्रामसाठी वेगळा खंड आहे आणि प्रोग्रामची प्रत व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाचा धरलाय. जिथे प्रोग्राम हा भाड्याचा मुख्य जिन्नस नाही तिथे सूट आहे. भाड्याने गाडी दिली आणि तिच्यात एखादा प्रोग्राम असला, असं काहीतरी. आमच्या धंद्यात तर लोक त्या प्रोग्रामसाठीच येतात! वरून प्रत्येक पॅकेजच्या करारात आणखी वेगळं लिहिलेलं असतं.

मी पॅकेजवाल्यांना सरळ पत्र लिहिलं: असं असं करतो, एका वेळी एकच माणूस, चालेल का? तीन आठवडे उत्तर नाही. मग त्यांच्याकडच्या एका बाईंनी फोन करून बरंच खोदून विचारलं, आणि शेवटी लेखी परवानगी, वर दुरून चालणारं नेटवर्कवालं डोंगल दिलं, फरकाचे पैसे घेऊन. दुसऱ्या एका पॅकेजवाल्यांनी साफ नाही म्हटलं. ते पॅकेज मी भाड्याच्या यादीतून काढलं. ब्लेंडरसारख्या मुक्त परवान्याच्या सॉफ्टवेअरला हा प्रश्नच नाही. तिथे तुम्ही भाडं घेता ते ग्राफिक कार्डाचं आणि विजेचं.

उरलेले दोन

अकरापैकी नऊ झाले. उरलेल्या दोनांत एकदा डोंगलचा काही संबंधच नव्हता, ग्राहकाने मला तसं सांगितलं इतकंच. त्याला पूर्ण काळी स्क्रीन दिसत होती. तेव्हा परवानगीचा घोळ मिटला नव्हता आणि ब्लेंडरच्या मुलांसाठी मी पडदा दाखवणारं साधन वापरत होतो. कारण सापडलं ते असं: संध्याकाळी दुकान बंद करताना आमचा पोरगा मॉनिटरचं बटण बंद करायचा. वीज वाचवायची म्हणून, मीच शिकवलेलं. डिस्प्लेपोर्टच्या वायरीवर मॉनिटर बंद झाला की संगणकाला बहुतेक वेळा मॉनिटर काढून नेल्यासारखंच वाटतं. ज्या पडद्याची नक्कल पाठवायची तो पडदाच नाही. मग काळं चित्र, नाहीतर टपालाच्या तिकिटाएवढं.

याला औषध म्हणजे एचडीएमआयचं डमी प्लग. अंगठ्याएवढी वस्तू, ग्राफिक कार्डाच्या मागे लावायची, संगणकाला वाटतं मॉनिटर जोडलाय. लॅमिंग्टन रोडला काही शे रुपयांत मिळतं. गिरगावातून चालत दहा-पंधरा मिनिटं. दुकानदाराला ‘डमी प्लग’ म्हणा. पहिल्या दुकानात मी ‘खोटा मॉनिटर’ म्हणालो तर त्याने मला बाहेरच्या फुटपाथवर पाठवलं.

दुसरा प्रसंग वीज जाण्याचा. गिरगावात बेस्टची वीज सहसा जात नाही, त्यामुळे तयारीही नव्हती. गेली, पाच मिनिटांत आली, मशीन मात्र बंदच राहिलं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) ‘वीज परत आल्यावर चालू हो’ अशी सेटिंग असते, ती चालू करा, आणि एक छोटा यूपीएस मशीनला व राउटरला दोघांनाही लावा. राउटरला लोक विसरतात. स्लीपही कायमची बंद करा, झोपलेलं मशीन दुरून उठवणं हा वेगळाच छंद आहे.

ब्लेंडरवाल्यांची तक्रार

अंधेरीचा एक मुलगा रात्री रेंडर (दृश्याचं पक्कं चित्र तयार करणं) लावायला येतो. पहिल्या दिवशी म्हणाला, “काका, तुमच्या मशीनमध्ये ग्राफिक कार्डच नाहीये.” तीस हजाराचं कार्ड. त्याला ब्लेंडर सांगत होतं की ओपनजीएल ४.३ ही चित्र काढायची पद्धत चालवणारं कार्ड हवं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ४.० आवृत्तीपासून ब्लेंडरला किमान तेवढं लागतं. कार्ड होतं, पण रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज खऱ्या कार्डाऐवजी स्वतःचा साधा चित्रकार पुढे करतं असं होऊ शकतं. पुन्हा ग्रूप पॉलिसीतच, सेशन होस्टच्या खाली ‘रिमोट सेशन एन्व्हायर्न्मेंट’मध्ये, सगळ्या सत्रांसाठी हार्डवेअर ग्राफिक कार्ड वापरा असा पर्याय आहे. तो चालू करा, कार्डाचा ड्रायव्हर ताजा करा, मशीन एकदा रीस्टार्ट करा. माझं तेवढ्यावर भागलं.

मराठी टंकलेखनाचा गोंधळ

हे कुठे लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जरा थांबून सांगतो. सांगलीचे मुद्रक टाइपरायटरवर शिकलेले, त्यांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्ड मांडणीवर. पुण्याहून येणाऱ्या एक मॅडम इनस्क्रिप्ट या दुसऱ्या मांडणीवाल्या. दोघंही आपापल्या संगणकावर मराठी चालू ठेवूनच माझ्या मशीनवर यायचे. रिमोट डेस्कटॉप ग्राहकाची कीबोर्ड मांडणी बरोबर घेऊन येतो आणि सत्रात लावतो. माझ्या मशीनवर पॅकेजची स्वतःची मांडणी आधीच चालू. म्हणजे एका कळीचं दोनदा भाषांतर. ‘क’ दाबला की तिसरंच अक्षर. मॅडमना वाटलं फाँट बिघडलाय, मुद्रकांना वाटलं मी.

उपाय दोन. सोपा असा, की ग्राहकाने स्वतःच्या बाजूला इंग्रजी ठेवायचं आणि मराठी फक्त माझ्या मशीनच्या आत चालू करायचं. हे सांगावं लागतं, आणि लोक ऐकतात, कारण पहिलंच वाक्य उलटंसुलटं उमटतं. दुसरा कायमचा: रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात), करंट कंट्रोल सेटच्या खाली, ‘कीबोर्ड लेआउट’च्या कप्प्यात ‘इग्नोर रिमोट कीबोर्ड लेआउट’ या नावाची डीवर्ड नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. नाव इंग्रजीत, मध्ये मोकळी जागा न सोडता. मग पाहुण्याची मांडणी दाराबाहेर राहते. रजिस्ट्रीला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा.

दार कोणतं उघडं ठेवायचं

मुंबईतल्या बऱ्याच गल्ल्यांतलं केबल इंटरनेट अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतं. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला असेल, तर तुम्ही त्यातलेच. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग (राउटरमधून आत वाट देणं) कितीही केलं तरी बाहेरून कोणी पोचत नाही. मी टेलस्केल हे मशीन एकमेकांना खासगी जाळ्याने जोडणारं साधन वापरतो, ते असल्या जाळ्यातूनही वाट काढतं. त्याचेही पत्ते १०० ने सुरू होतात, तेव्हा दोन्हींची गल्लत करू नका, मी केली होती.

आणि ज्यांना खरा स्थिर पत्ता मिळालाय त्यांनी फार खूश होऊ नये. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट उघडा इंटरनेटवर ठेवायचा नाही. नाही म्हणजे नाही. मी एकदा दोन दिवसांसाठी ठेवला. विंडोजच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे चुकलेले लॉगिन, इतक्या होत्या की पान सरकवताना बोट दुखलं. २०१९ च्या मे महिन्यात ब्लूकीप नावाची फट उघडकीला आली होती, तिच्यात जुन्या विंडोजमध्ये पासवर्डशिवायच याच दारातून शिरता येत होतं. आता नवीन विंडोज आहे हे खरं, पण दार तेच आहे.

ग्राहकांच्या बाजूनेही एक भीती असते, आणि ती रास्त आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने दुरून पडदा बघणाऱ्या ॲपमधून होणाऱ्या फसवणुकीबद्दल बँकांना सावध केलं होतं, तेव्हापासून ‘रिमोट’ म्हटलं की लोक दचकतात. त्यांना मी सांगतो, तुम्ही माझ्या मशीनवर येताय, मी तुमच्या नाही. फक्त जोडताना ‘ड्राइव्ह्ज’ची खूण काढून टाका. ती ठेवलीत तर तुमच्या संगणकाची सी ड्राइव्ह माझ्या मशीनमधल्या तुमच्या सत्रात दिसू लागते. फायली पाठवायला वेगळा फोल्डर दिलाय.

आता गेल्या सात आठवड्यांत डोंगलसाठी मी एकदाही दुकानात गेलेलो नाही. वहीतला ‘कसा गेला’ हा रकाना मात्र चालू ठेवलाय. प्रत्येक खात्याच्या वॉलपेपरवर मी ठळक मराठीत लिहिलंय: ‘जाताना फुली नको. स्टार्ट, मग साइन आऊट.’ सांगलीच्या मुद्रकांनी परवा फोन केला. म्हणाले, वॉलपेपरवरच्या तुमच्या ‘साइन आऊट’मधला ‘ऊ’ दीर्घ का? त्यांनी स्वतः तपासून ठेवलंय, ऱ्हस्व हवा. आणि मग फुली दाबून गेले. क्यूयूझरमध्ये दिसलं मला.